भाऊजींची शेवेल आणि तेराचा आकडा

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, मूळचे सातारचे, गेली बावीस वर्षं मिशिगनमध्ये. मुलगी कॉलेजला गेली आणि यांनी गराजमध्ये शेवरले कंपनीची १९६९ ची शेवेल एसएस ३९६ (३९६ म्हणजे इंजिन तेवढ्या घनइंचाचं) आणून उभी केली. लाल रंग, काळी सीट, टर्बो ४०० ऑटोमॅटिक, मागे ३.३१ चा गिअर (चाक एकदा फिरायला ड्राइव्हशाफ्ट ३.३१ वेळा फिरतो), पॉझिट्रॅक्शन नाही, म्हणजे एक चाक घसरलं की सगळा जोर त्यातच वाया. गाडी रोजची म्हणावी इतकी चालवतात, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर भाजी आणायला पण तीच, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या जत्रेला, हजेरी ठरलेली. हे सगळं ठीक होतं, पण मग जूनमध्ये मंडळाच्या पिकनिकला वडापाव खाता खाता यांनी चारचौघांत जाहीर करून टाकलं की ही गाडी पाव मैल तेरा सेकंदात मारते. मारते, म्हणजे मारेल असं नाही. तोवर गाडी ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे उभ्या गाडीने सुटून पाव मैलाचा टाइम घेतात त्या सरळ ट्रॅकवर, एकदाही गेली नव्हती.

मी गाड्यांच्या धंद्यात आहे (आवाज आणि कंपनं हे माझं काम, इंजिन नव्हे, पण आजूबाजूला तेच लोक), शिवाय पाचसहा वर्षं स्वतःची जुनी गाडी स्ट्रिपवर नेतोय, म्हणून भाऊजी मला म्हणाले तू चल बरोबर. पुढे वर्षभरात जे झालं ते सगळं वहीत आहे, तेच इथे मांडतो. जुनी रस्त्यावर चालणारी गाडी घेऊन पहिल्यांदा स्ट्रिपवर जाणाऱ्या बहुतेकांची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच असते.

आधी हे तेरा आलं कुठून ते बघू. भाऊजींकडे दोन पुरावे होते. एक म्हणजे कंपनीचा त्यावेळचा आकडा, ३५० हॉर्सपॉवर. आणि दुसरं एका जुन्या मासिकाचं कात्रण, ज्यात असल्याच एका गाडीचा टाइम छापलेला. मी म्हणलं भाऊजी आधी गाडी वजन करून आणा. ट्रकवाल्यांच्या काट्यावर नेली, अर्धी टाकी पेट्रोल धरून ३,७४० पौंड भरली. भाऊजी स्वतः ९५ किलो, म्हणजे २०९ पौंड. एकूण ३,९५० धरा.

एक जुना हिशोब आहे, बहुतेक रेसवाल्यांना पाठ असतो. वजन भागिले हॉर्सपॉवर, त्याचं घनमूळ काढायचं आणि त्याला ५.८२५ ने गुणायचं, की पाव मैलाचा टाइम येतो. आणि २३४ ला त्याच घनमुळाने भागलं की शेवटच्या टोकाचा वेग मैलात येतो. ३,९५० आणि ३५० घातले तर काय येतं? १३.०७ सेकंद, १०४ मैल. म्हणजे भाऊजींचं तेरा हवेतून आलेलं नव्हतं, गणित बरोबर होतं. खोटा होता तो ३५०.

खोटा म्हणजे अगदी खोटं पण नाही. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या जो आकडा छापायच्या तो ग्रॉस. इंजिन टेस्ट बेंचवर, एअर क्लीनर नाही, गाडीतला सायलेन्सर नाही, अल्टरनेटर वगैरे ओढणारं काही नाही, टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) त्या इंजिनाला सगळ्यात मानवेल असं. १९७२ पासून नेट छापायला लागले, म्हणजे इंजिन गाडीत बसतं तसं सगळं लावून. जनरल मोटर्सने १९७१ मध्ये दोन्ही आकडे दिले होते, त्यामुळे फरक उघडा दिसतो: ४५४ चं एलएस५ इंजिन, कॉर्व्हेटमध्ये, ग्रॉस ३६५ आणि नेट २८५. इंजिन तेच, वर्ष तेच, आणि ऐंशी घोडे नुसते कागदावरून पळाले. तो हिशोब धरला तर आमच्या ३५० चे नेट २७० च्या आसपास. पुन्हा गणित करा, १४.२५ सेकंद आणि ९६ मैल. ते पण गाडी फिट असेल, हवा चांगली असेल आणि टायर धरत असतील तर. मी भाऊजींना सांगितलं, तेरा विसरा, १४.६ आला तर पेढे वाटा.

यावर भाऊजींनी कात्रण पुढे केलं. कात्रणाबद्दल मला एवढंच म्हणायचंय की त्या काळात मासिकांना टेस्टला येणाऱ्या गाड्या कुठून यायच्या ते बघावं. आमच्या इथून अर्ध्या तासावर रॉयल ओक आहे, तिथे रॉयल पॉन्टिॲक नावाचा डीलर होता. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओ गाडीच्या गाजलेल्या मासिकातल्या टेस्टसाठी गाड्या तिथूनच गेल्या, आणि ती जाहिरातबाजी ज्यांच्या डोक्यातून निघाली त्या जिम वांगर्स यांनी पुढे कित्येक वर्षांनी स्वतःच सांगितलं की त्यातल्या गाडीत ३८९ च्या जागी ४२१ चं इंजिन घातलेलं होतं. सगळ्याच टेस्ट तशा होत्या असं मी म्हणत नाही. पण कात्रणावर विसंबून मंडळात बोलू नये एवढं तरी कळतं. भाऊजी म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर लोक आधीच नाही म्हणून मोकळे होता." बरं म्हणलं, चला.

जुलैतला शुक्रवार, टेस्ट अँड ट्यून, म्हणजे पैसे भरून कुणीही आपली गाडी पळवून बघायची संध्याकाळ. मार्टिनला यूएस १३१ मोटरस्पोर्ट्स पार्क, ग्रँड रॅपिड्स आणि कॅलामाझूच्या मधे, आमच्या नोव्हायहून दोन सव्वादोन तास. गाडी चालवतच नेली, ट्रेलर वगैरे नाही, हाच तर भाऊजींचा अभिमान. ताई मागून मिनीव्हॅनमध्ये, डबा, थर्मास, घडीच्या खुर्च्या. उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटलेला. ९० फॅरनहाइट आणि दमट, माझ्या मोबाईलवर डेन्सिटी अल्टिट्यूड २,९०० फूट दाखवत होतं. म्हणजे जमीन समुद्रसपाटीपासून आठेकशे फुटांवर पण इंजिनाला हवा मिळतेय २,९०० फुटांवरची, थोडक्यात महाबळेश्वरच्या निम्म्याहून वर चढून गेल्यासारखी. हजार फुटाला टाइममध्ये साधारण एक टक्का जातो, कधी थोडा जास्तच.

तपासणीच्या रांगेत आमची पहिली शोभा झाली. भाऊजींनी महिनाभर आधीच २८० डॉलरचं हेल्मेट घेऊन ठेवलेलं, कारण एनएचआरएच्या (ड्रॅग रेसिंगची अमेरिकन संघटना) नियमात १३.९९ किंवा त्याहून जलद गाडीला हेल्मेट लागतं. तपासणारे आजोबा सत्तरीचे असतील. त्यांनी बॅटरी हलवून बघितली, रेडिएटरचा ओव्हरफ्लोचा डबा बघितला, चाकाचे नट बघितले, मग विचारलं किती जाईल? भाऊजी म्हणाले लो थर्टीन्स. आजोबांनी खाली वाकून मागच्या टायरकडे बघितलं, पांढऱ्या अक्षरांचे २३५/६० आर १५, दिसायला देखणे आणि सहा वर्षं जुने, मग भाऊजींकडे बघितलं, आणि नुसतं हसून काचेवर नंबर लिहिला.

पहिल्या रनला भाऊजी पाण्यातून गेले. मी सांगितलं होतं बाजूने जा. स्टार्टच्या आधीचा पाण्याचा तो चौकोन स्लिक, म्हणजे बिनखाचांच्या गुळगुळीत, टायरवाल्यांसाठी असतो, आपल्या खाचावाल्या टायरमध्ये पाणी भरून राहतं, वर मडगार्डमध्ये उडतं आणि बरोबर स्टार्ट लाइनवर टपकत बसतं. हिरवा लागला, भाऊजींनी पॅडल तळाला नेलं, उजवं चाक तिथल्या तिथे फिरलं, धूर, आवाज, बघणाऱ्यांना भारी वाटलं असेल, गाडी मात्र जागची हलायला तयार नाही. टाइमची स्लिप हातात आली ती अशी (सुटल्यापासूनचे सेकंद, वेग ताशी मैलात):

६० फूट – २.४४७
३३० फूट – ६.५४
अर्धा पाव मैल – ९.९८, वेग ७१.९
१,००० फूट – १३.०४
पाव मैल – १५.६२, वेग ९१.०

भाऊजी १३.०४ वर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ तेरा!" मी म्हणलं भाऊजी, त्याच्यापुढे अजून ३२० फूट आहेत.

त्या रात्री अजून तीन रन झाले, १५.५ ते १५.८ च्या मधेच घुटमळले. आणि मग ताई म्हणाली मी पण जाऊन बघू का एकदा, वीस डॉलरच आहेत ना. मागची सीट काढलेली, डबा माझ्याकडे दिला, आणि २८० हॉर्सपॉवरच्या मिनीव्हॅनने पहिल्याच फटक्यात १५.२१ मारला. एसी चालू ठेवून. परतीच्या वाटेवर भाऊजींनी दोन तास रेडिओ लावला नाही.

आता खरं प्रकरण इथून पुढे. माझा अंदाज पण चुकलाच होता, १४.६ म्हणालो होतो आणि एक सेकंद मागे निघाली. हा सेकंद कुठे गेला ते स्लिपवर लिहिलेलं असतं, फक्त वाचायची पद्धत आहे. लोक खालचा टाइम बघतात आणि सोडून देतात. टाइममध्ये सुटण्याची बोंब असते, टायर घसरला, पाय घाबरला, सगळं त्यात मिसळतं. शेवटचा वेग मात्र फारसा खोटं बोलत नाही, सुरुवातीला चाक फिरलं तरी वेग मैल दीड मैलाने इकडेतिकडे होतो, बस. म्हणून ताकद किती ते वेगावरून काढायचं, आणि सुटलात कसे ते ६० फुटांवरून.

९१ मैल आणि ३,९५० पौंड, उलटं गणित केलं की २३२ हॉर्सपॉवर येतात. २३२ ला टाइम यायला हवा १५.०. आला १५.६. म्हणजे सहा दशांश सुटताना गेले, ते ६० फुटांच्या २.४४ मध्ये दिसतच होतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे २७० अपेक्षित असताना इंजिन २३२ च देतंय. उकाड्याच्या हवेने त्यातले पंधरावीस खाल्ले असं धरलं तरी बाकीचे वीस कुठेत? भाऊजींचा सूर लगेच कॅमशाफ्ट बदलू, हेडर्स टाकू, नवीन कार्बोरेटर मागवू असा लागला. मी म्हणलं एक रुपया खर्च करायच्या आधी मला रविवार द्या.

रविवारी सकाळी आधी ठिणगीचं टायमिंग मोजायचा लाइट लावला. व्हॅक्युमची नळी काढून बुजवली, आयडलला ४ डिग्री, इंजिन ३,००० आरपीएमवर नेलं तर सगळं मिळून २६. या इंजिनाला चौतीस-छत्तीस हवेत. आधीच्या कुणीतरी, बहुतेक स्वस्त पेट्रोलवर नॉकिंग होऊ नये म्हणून, मागे ओढून ठेवलेलं असणार. सुरुवात १२ वर आणली, एकूण ३४ झालं. छत्तीस करून बघितलं पण चढावर ९३ ऑक्टेन घालूनसुद्धा टकटक ऐकू आली, सव्वादहाचं कॉम्प्रेशन आणि बिडाचे हेड, म्हणून ३४ वर थांबलो. डिस्ट्रिब्युटरमधल्या स्प्रिंग जरा हलक्या घातल्या, नऊ डॉलर.

मग मी ताईला हाक मारली. इंजिन बंद, पण गरम, चोक पूर्ण उघडा. ताई सीटवर बसली, मी बॉनेटखाली टॉर्च घेऊन. क्वाड्राजेट कार्बोरेटरला पुढची दोन तोंडं बारकी आणि मागची दोन मोठ्ठी असतात, आणि मागची उघडतात ती पुढची निम्मी उघडून झाल्यावर. वरच्या पाकळ्या बोटाने दाबून धरल्या आणि खाली टॉर्च मारला. "ताई, पॅडल पूर्ण दाब." दाबलं. पुढच्या तोंडांतल्या चकत्या जवळपास उभ्या झाल्या, म्हणजे उघडल्या, मागच्या निम्म्यावर तिरक्याच थांबल्या. "अगं पूर्ण दाब." "अरे दाबलंय पूर्ण, खाली टेकलंय!" मी जाऊन बघितलं. पॅडल खरंच टेकलं होतं, पण पत्र्याला नाही, कार्पेटला. भाऊजींनी वर्षापूर्वी हौसेने नवीन कार्पेट टाकलं होतं, त्याच्याखाली आवाज कमी करायला जाड रबरी मॅट (सल्ला माझाच, कंपनं माझा विषय ना, म्हणून गप्प बसलो). गाडीने आजपर्यंत कधी पूर्ण श्वास घेतलाच नव्हता. कटर घेऊन पॅडलखालची पोस्टकार्डाएवढी मॅट कापून काढली, लिंकेज थोडं जुळवलं, पुन्हा टॉर्च, चारही उभ्या. खर्च शून्य. बाहेर चक्कर मारून आले तेव्हा भाऊजी बोलेनात, फक्त म्हणाले, "ही वेगळीच गाडी आहे."

सुटण्याचं काय करायचं यावर मात्र आमचं वाजलं. भाऊजींना स्लिक टायर हवे होते. मी ठाम नाही म्हणलं आणि आजही म्हणतो. टायर धरला की जोर पुढच्या सगळ्यात कच्च्या जागी जातो. या १२-बोल्ट डिफरन्शिअलमध्ये ॲक्सल आतल्या टोकाला सी-क्लिपने धरलेला असतो, म्हणजे ॲक्सल तुटला तर चाकाला गाडीत धरून ठेवणारं काही उरत नाही, ते ॲक्सलच्या तुकड्यासकट बाहेर निघू शकतं. शिवाय १३.९९ च्या आत स्लिकवर गेलात तर ड्राइव्हशाफ्टला लूप (शाफ्ट तुटला तर धरून ठेवणारी कडी) पण लागतो. आणि हे सगळं पार्ट पंचावन्न वर्षं जुने. ज्या गाडीने रात्री घरी यायचंय तिच्यावर हे प्रयोग करायचे नसतात. त्यापेक्षा पाय शिकवा. मागच्या टायरची हवा ३४ वरून २७ वर, पाणी टाळून बाजूने जायचं, कोरड्यावर एकदा चाक झटकून धूळ काढायची, आणि हिरव्याला पॅडल आपटायचं नाही, अंड्यावर पाय ठेवल्यासारखं सुरू करून गाडी दोन लांबी पुढे गेली की मग पूर्ण दाबायचं. हवा भरायचा पंप डिकीत, घरी निघायच्या आधी परत ३४.

मागचा गिअर पण तसाच ठेवला. यावर लोक वाद घालतात म्हणून आकडे देतो. ३.३१ वर ९६ मैलाला इंजिन जेमतेम ४,१०० फिरतं, कन्व्हर्टरची घसरण धरून थोडं जास्त, आणि याची ताकद तर ५,२०० ला पूर्ण येते. म्हणजे आमची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये श्वास भरायच्या आतच रेस संपते. ४.१० घातला तर दोनतीन दशांश नक्की मिळतील. पण ओव्हरड्राइव्ह नसलेल्या या ऑटोमॅटिकवर ६५ मैलाला २,७७० च्या जागी ३,४०० होतात, आणि मार्टिन ते नोव्हाय दोन तास त्या घरघरीत ताई बसणार नाही. मीही बसणार नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, गणपती आटोपल्यावर, परत गेलो. ५८ फॅरनहाइट, कोरडी हवा, डेन्सिटी अल्टिट्यूड ९०० फूट. पहिला रन १४.९ (पाय पुन्हा घाई), दुसरा १४.६६, मग बॉनेट उघडून पाऊण तास गाडी थंड केली, ताईने डब्यातल्या बर्फाची पिशवी इनटेकवर ठेवली, आणि तिसरा १४.४८. साठ फूट २.१८, वेग ९६.४. उलटं गणित, २७६ हॉर्सपॉवर. नेटचा अंदाज २७० होता.

घरी जाताना भाऊजींनी मला विचारलं की सव्वा सेकंद माझ्या ड्रायव्हिंगने कमी केला ना? सव्वा नव्हे, १.१४. आणि त्याची वाटणी प्रामाणिकपणे करायची तर तीन दशांश थंड हवेचे, ते कुणाचंच कर्तृत्व नाही. साधारण चार दशांश सुटण्याचे, कारण ६० फुटांवर पाव सेकंद वाचला की शेवटी त्याचे दीडपट ते दुप्पट होतात. ते भाऊजींचे. उरलेले चारेक त्या मॅटच्या तुकड्याचे आणि नऊ डॉलरच्या स्प्रिंगांचे. जुलैच्या उकाड्यात हीच गाडी परत नेली तर १४.८ दाखवेल आणि गाडी बिघडली असं वाटेल. बिघडलेली नसेल. म्हणून मी त्यांना प्रत्येक स्लिपच्या मागे तापमान आणि डेन्सिटी अल्टिट्यूड लिहायला लावतो.

तेराचं काय, तर मिशिगनमध्येच दर सप्टेंबरला प्युअर स्टॉक मसल कार ड्रॅग्ज होतात, तिथे कंपनीतून निघाल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या तेरात काय, त्याच्या आत पण जातात. पण त्या लोकांनी इंजिन ग्रॅम ग्रॅम जुळवून बांधलेलं असतं आणि वर्षानुवर्षं एकच गाडी घासलेली असते. तेरा अशक्य नाही. वेगळ्या गाडीचा आकडा आहे तो, वेगळ्या खर्चाचा.

पुढच्या मे महिन्यात भाऊजी ब्रॅकेट रेसिंगला उतरले, आणि मला वाटतं या गाडीला खरा खेळ तिथेच सापडला. त्यात आपला टाइम आपणच आधी काचेवर लिहायचा, हळू गाडीला तेवढी आघाडी मिळते, आणि लिहिल्यापेक्षा जलद गेलात तर बाद. यांनी लिहिला १४.५५. पहिल्या फेरीत समोर १२.८० वाला पिकअप, भाऊजींना पावणेदोन सेकंद आधी हिरवा लागला, मागून तो असा घोंघावत आला की मी डोळे मिटले, पण तोच आपल्या आकड्याच्या आत गेला आणि बाद झाला. दुसऱ्या फेरीत भाऊजी १४.५२. तीन शतांश जास्त जलद, बाद. वर्षभर गाडी जलद कर म्हणून धडपडलेला माणूस गाडी जलद गेली म्हणून हरला, त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. डोक्यावर हेल्मेट होतंच. या टाइमला लागत नाही, तरी घालतात. डोकं वाचेल हा फायदा आहेच, पण विचारलं तर म्हणतात, "दोनशेऐंशी डॉलर दिलेत."

ताईच्या फ्रिजवर आता दोन स्लिपा आहेत, एकाच गणपतीच्या मॅग्नेटखाली. वर भाऊजींची १४.४८, खाली ताईची १५.२१. परवा जेवायला गेलो होतो तर पोळ्या करता करता ताई हळूच म्हणाली, अरे माझी तर जुलैतली आहे ना, उकाड्यातली, मग माझी पण हवा धरून काढ की. काढली. १४.९ येते, एसी चालू ठेवून. भाऊजींना अजून सांगितलेलं नाही.